पुसलेल्या कृत्तिका

हे प्रकरण लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. स्वतःविषयी लिहावं असं मी काही केलेलं नाही, वयही पंचविशीच्या आतबाहेरचं, आणि आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नसल्यामुळे पुस्तकात कसं बोलायचं असतं हे मला कुणी दाखवलेलं नाही. माझ्या वयाची माणसं आठवणी लिहीत नाहीत, त्या जमा करत असतात, हेही मला कळतं. तरी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातले ते दोन-तीन महिने, आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हाचे, मी आत्ताच लिहिले नाहीत तर पुढे मी ते सुधारून लिहीन अशी मला भीती वाटते. तेव्हा चुकलं तर पोटात घाला.

आम्ही सुरतेच्या गोडादऱ्यात राहायचो, अजूनही तिथेच राहतो. खाली लूमचं खातं, म्हणजे कापड विणायचा छोटा कारखाना, वर आमची एक खोली आणि तिच्यातच लाकडी माळा. खातं चालू असलं की माठातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठत राहायची आणि भिंतीवरचा आरसा आठवड्याभरात एका बाजूला झुकायचा. माय तो दर सुट्टीच्या दिवशी सरळ करायची. ती घरी साड्यांवर खडे चिकटवण्याचं काम करायची, त्यामुळे भाकरीच्या पिठातसुद्धा कधी कधी एखादा खडा चमकायचा. आमच्या घरी कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत, हे सगळं धुळ्याकडचं जसंच्या तसं होतं. फक्त रविवारी सकाळी नाना बाहेरून डाळीचा वाफवलेला गरम लोचो आणायचे, तेवढीच काय ती सुरत आमच्या ताटात यायची. घरात बोलणं अहिराणी, गल्लीत हिंदी, कॉलेजात गुजराती. मी कुठल्याच भाषेत पहिलं वाक्य पटकन बोलू शकायचो नाही. आधी मनात एकदा म्हणून बघायचो.

नाना म्हणजे माझे वडील. त्यांनी वीसेक वर्षं लूम चालवला. त्या आवाजाने कान अधू झाले, तेव्हा शेठने त्यांना तपासणीच्या टेबलावर बसवलं. लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा ताका टेबलावरून ओढत न्यायचा, डाग दिसला की खडूने खूण करायची, चिठ्ठीवर लिहायचं. दिवसाला किती कापड त्यांच्या डोळ्यांखालून जायचं हे मी कधी विचारलं नाही. ते मोठ्याने बोलत, कारण त्यांना स्वतःचाच आवाज कमी ऐकू यायचा, आणि आमच्या घरातल्या खाजगी गोष्टी त्यामुळे शेजाऱ्यांना माहीत असायच्या. मी आकाशाचे फोटो तयार करणार आहे हेसुद्धा गल्लीला असंच कळलं.

झालं असं की आमच्या फिजिक्सच्या देसाई मॅडमनी वर्गात एका संशोधन संस्थेच्या उन्हाळी प्रशिक्षणाविषयी सांगितलं. दुसऱ्या गावी सहा आठवडे राहायचं, खरी दुर्बीण, खरं काम. निवडीसाठी परीक्षा नव्हती. संस्था आपल्या छोट्या दुर्बिणीतून काढलेले कच्चे फोटो प्रत्येकाला पाठवणार होती. त्यांच्यावर घरी काम करून एकच चित्र बनवायचं, कसं बनवलं याची टीप जोडायची, आणि पाठवायचं. विषय होता कृत्तिकांचा तारकापुंज. तिकडे नानांच्या शेठने इच्छापोरच्या एका कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकला होता. परीक्षा संपली की कंत्राटावर लागायचं, कॉलेज जमेल तसं करायचं. मी हो म्हटलं होतं. एकदा इच्छापोरला लागलो की तिसऱ्या वर्षाची हजेरी भरणार नाही हे मला ठाऊक होतं, नानांनाही ठाऊक होतं, आणि आम्ही दोघं त्याविषयी बोलत नव्हतो. मॅडमचं ऐकून आल्यावर मात्र मी जेवताना म्हटलं, की हे प्रशिक्षण मिळालं तर इच्छापोर नको. नानांनी हातातला घास संपवला. मग म्हणाले, "मियनं तं जाय. नही मियनं तं इच्छापोर." मिळालं तर जा, नाही तर इच्छापोर. इतकं स्वच्छ होतं ते.

आता कॉम्प्युटरचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले कॉम्प्युटर संध्याकाळी पाचला बंद व्हायचे आणि त्यांच्यात नवं काही टाकायची परवानगी नव्हती. मॅडमनी मला एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या होत्या. मेमरी सोळा जीबी, त्याहून कमी नको. जुनी फिरती डिस्क नको, एसएसडी हवी. ग्राफिक्स कार्ड साधं चालेल. सॉफ्टवेअर विकत घेऊ नकोस, तारे जुळवून शेकडो फोटो एकावर एक रचणारं चांगलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याचं नावही लिहिलं होतं. कागद मी घडी करून खिशात ठेवला. तो समजला नाही असं नाही, पण कार्ड साधं का चालेल हे मला कुणाला समजावून सांगता आलं नसतं, आणि आमच्या घरात कॉम्प्युटर कळणारा माणूस आधीच होता.

तो म्हणजे योगेशदादा, माझ्या मावशीचा मुलगा. तो साड्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर बनवायचा. "हेमू, फोटोचं काम ना? मग कार्ड भारी पाहिजे आणि स्क्रीन एवढी पाहिजे," असं म्हणून त्याने दोन्ही हात इतके पसरले की मायच्या हातातली साडी खाली पडली. मी खिशातल्या कागदावर बोट ठेवून हळूच म्हटलं, की मॅडम मेमरीचं म्हणत होत्या. "मॅडम पुस्तकाच्या. मी रोज चौदा रंगांची साडी उघडतो भाऊ, मला विचार." मी खिशातून बोट काढून घेतलं. आज पहिल्या वर्षाची मुलं माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात तेव्हा मी त्यांना सांगतो, आधी मेमरी, मग डिस्क, मग बाकीचं, आणि ज्याने तुमचं काम केलेलं आहे त्याचंच ऐका. दुसरं काम उत्तम करणाऱ्याचं नको. तेव्हा हे सांगायला मी माझ्याजवळ नव्हतो.

एक डिझाइन स्टुडिओ बंद होत होता, त्यांचे कॉम्प्युटर एका जुन्या मालाच्या दुकानात आले होते. आम्ही तिघं रिक्षाने गेलो, मी, नाना आणि योगेशदादा, आणि येताना त्या स्क्रीनमुळे नानांना पाठीमागून चालत यावं लागलं. म्हणजे ते बसने आले, पण ही गोष्ट सांगताना ते चालतच आले असं सांगतात. कॉम्प्युटरच्या डब्यात तीन पंख्यांचं कार्ड होतं, आठ जीबी मेमरी होती आणि एक जुनी डिस्क होती जी कुरकुर करायची. स्क्रीन लावली तेव्हा खोली उजळली. मायने त्या उजेडात दोन साड्यांचे खडे लावून घेतले.

कच्चे फोटो उतरवून घेतले तेव्हा ते एकशेवीस निघाले, सगळे कृत्तिकांचे, सगळे जवळजवळ सारखे आणि सगळे वाईट. करडं आभाळ, त्यात पसरलेले ठिपके, काही पांढरे, काही लाल-हिरवे. शिवाय वेगळ्या फोल्डरमध्ये तीस फोटो पूर्ण काळे होते. योगेशदादा हसला. "झाकण काढायचंच विसरले वाटतं तुझे शास्त्रज्ञ!" डिस्कवर जागा नव्हतीच, ते तीस आम्ही उडवले. मॅडमनी लिहिलेलं फुकटचं सॉफ्टवेअर मी टाकलं, त्याला एकशेवीस फोटो दिले, आणि कॉम्प्युटर जो गोठला तो माय भाजी आणून, निवडून, फोडणीला टाकेपर्यंत गोठलेलाच राहिला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा पडदा निळा झाला. योगेशदादा म्हणाला, "फुकटची वस्तू अशीच. सोड. एक चांगला फोटो निवड, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घे, मी शिकवतो."

त्याने जे शिकवलं ते त्याच्या कामात शंभर टक्के खरं होतं, हे मी त्याच्यासाठी मुद्दाम लिहितो. साडीच्या डिझाइनमध्ये एक फालतू ठिपका राहिला की तो हजारो मीटर कापडावर छापला जातो आणि माल परत येतो. म्हणून तिथे पहिला नियम: जमीन साफ. जमीन म्हणजे नक्षीच्या मागचा रंग. आम्ही दोन संध्याकाळी शेजारी बसून कृत्तिकांची जमीन साफ केली. लाल ठिपका दिसला की पुसला, हिरवा पुसला, पांढरा बारीक दिसला तोही पुसला. मोठे सात तारे होते, तेवढे ठेवले. योगेशदादा म्हणाला, कृत्तिका सातच असतात, आजी सांगायची. मलाही लहानपणापासून सातच माहीत होत्या. त्यांच्याभोवती धुरासारखं निळसर काहीतरी होतं, ते त्याला मळ वाटलं, तेही गेलं. मग जमीन गर्द काळी केली, ताऱ्यांना जरा चमक दिली. माय म्हणाली, "कशी गोड दखास! आस्सी साडी मियनी पाहिजे." अशी साडी मिळायला हवी. मी चित्र पाठवून दिलं. टिपेत लिहिलं, की अनावश्यक डाग काळजीपूर्वक काढले आहेत.

त्यानंतर आला नानांच्या सुट्टीचा दिवस. खातं बंद होतं, माठातलं पाणी स्थिर होतं, आणि गल्लीत कुणीतरी दूर पापड लाटत होतं तेसुद्धा ऐकू येत होतं. नाना जेवून उठले आणि स्क्रीनसमोर बसले. म्हणाले, ज्याच्यासाठी एवढं केलं ते दाखव तरी. मी तयार चित्र दाखवलं. त्यांनी मान हलवली, आणि मग म्हणाले, "आनी कच्चा माल?" मी कच्चे फोटो एकामागून एक उघडत गेलो. दहाबारा झाल्यावर त्यांनी हात वर केला. "मांगे ले." मी मागे घेतलं. "पुढे." पुढे. "मांगे." मला वाटलं त्यांना दिसत नाहीये. ते खुर्ची पुढे ओढून स्क्रीनला नाक लागेल इतके जवळ गेले आणि एका लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. "पुढे चाल, आते." मी पुढे गेलो. ठिपका बोटाखालीच होता. पुढच्या फोटोतही. मग त्यांनी बोट उचलून एका अगदी फिक्या पांढऱ्या ठिपक्यावर ठेवलं. पुढचा फोटो उघडला तर तो बोटाच्या किंचित बाजूला सरकलेला. त्याच्या पुढच्यात आणखी सरकलेला. आणि त्याच्यासोबत सगळेच पांढरे ठिपके तेवढेच, त्याच दिशेला सरकलेले.

"हाऊ मशीनना डाग शे," ते लाल ठिपक्याकडे बोट करून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "फणीना दात वाकना का रेघ त्याच जागावर येस. सूतमा गाठ व्हई तं ती कोठेबी येस." लूमच्या फणीचा दात वाकला की कापडावर रेघ दर वेळी त्याच जागी उमटते, सुतातली गाठ मात्र सुताबरोबर चालते, हे त्यांनी मला लहानपणीही सांगितलं होतं, पण ते कापडाविषयी होतं. "ह्या लाल-हिरवा मशीनना. ह्या पांढरा बठ्ठा संगे चालतस, म्हनजे ह्या तठला शेतस," असं म्हणून त्यांनी छताकडे बोट दाखवलं. मग ते आमच्या तयार चित्राकडे वळले, काळ्याभोर साफ जमिनीकडे, त्यातल्या सात ताऱ्यांकडे. "मंग ह्या कोठे गयात?"

मी त्या फिक्या ठिपक्यांपैकी एकाही ठिपक्याला तारा समजलो नव्हतो. कृत्तिकांमध्ये शेकडो तारे असतात आणि तो निळा धूर खरा धूर असतो, ताऱ्यांच्या उजेडात दिसणारी धूळ असते, हे मी त्या दुपारी मोबाइलवर वाचलं. मग उडवलेले तीस काळे फोटो मी पुन्हा उतरवले. त्यांची चमक वाढवून पाहिली, तर त्यांत एकही तारा नव्हता, फक्त तेच लाल-हिरवे ठिपके होते, त्याच जागी. मशीनचे डाग ओळखता यावेत म्हणूनच संस्थेने झाकण लावून ते फोटो काढले होते. सॉफ्टवेअर ते घेतं, मशीनचे डाग वजा करतं, सरकलेले तारे जुळवून एकावर एक ठेवतं. जे काम नानांनी बोटाने केलं, तेच. आणि मी त्याच्याऐवजी पुसणी घेऊन आभाळ साफ केलं होतं, वर टिपेत तसं लिहूनही दिलं होतं.

मला वाटलं, राहू द्यावं. इच्छापोर तर होतंच. तसं मी म्हटलंही. नाना चिडले नाहीत. त्यांनी कामावरची गोष्ट सांगितली, त्यांच्या आवाजात. तपासलेला ताका बाहेर गेला आणि मग डाग आठवला, तर व्यापाऱ्याने पकडायच्या आत आपणच जाऊन सांगायचं. माल परत मागवायचा. त्यात तपासणाऱ्याची लाज नसते, न सांगण्यात असते. "तू सांग. मंग त्यासले नही म्हनू दे." मग संस्थेला नाही म्हणायचं तर म्हणू दे.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना गाठलं. मनात वाक्य तीनदा म्हणून बघितलं आणि तरी शेवटून सुरुवात केली. त्यांनी सगळं ऐकलं, सात तारे ऐकून हसल्या, आणि म्हणाल्या, "बेटा, भूल तो बधाथी थाय. जे कर्युं ए ज लखी नाख." चुका सगळ्यांच्या होतात, जे केलंस तेच लिहून टाक. मुदत संपायला चार दिवस होते. मग त्यांनी विचारलं, "पेलो कागळ क्यां छे?" मी खिशातून घडी पडलेला कागद काढला. त्यांनी तो उलगडून पाहिला आणि माझ्या हातात परत ठेवला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी मी एकटाच त्या दुकानात गेलो, तीन पंख्यांचं कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून. आयुष्यात पहिल्यांदा मी काउंटरवर कागद उघडून वाचून दाखवला. मेमरी सोळा, एसएसडी, कार्ड साधं. दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे भाई, लोको आ कार्ड माटे लाइन लगाडे छे ने तू पाछुं आपे छे!" लोक या कार्डासाठी रांग लावतात आणि तू परत देतोस, पण त्याने आनंदाने बदलून दिलं. योगेशदादाला मी घाबरत घाबरत सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आपण तारे पुसले?" मी हो म्हटलं. "किती?" मी म्हटलं, मोजले नाहीत. "बाप रे," तो म्हणाला, आणि स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेऊन मेमरी बसवायला आणि जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायला बसला. ते काम त्याच्याइतकं सफाईने मला आजही येत नाही.

या वेळी कॉम्प्युटर गोठला नाही. डिस्क कुरकुरली नाही. पट्टी हळूहळू पुढे सरकली, मायचा कुकर तीन शिट्ट्या देऊन थांबला, आणि एकशेवीस फोटोंचा एक फोटो झाला. तो दिसायला पहिल्याइतका देखणा नव्हता. जमीन गर्द काळी नव्हती, रंग मला नीट जमले नव्हते, एका कोपऱ्यात उजेडाचा डाग राहिला होता. पण तारे इतके होते की माय म्हणाली, यात तर आमच्या खड्यांचं पाकीट सांडलंय. आणि मधल्या ताऱ्यांभोवती तो निळसर धूर होता, फिका, पण होता. टीप मी रात्री न लिहिता सकाळी लिहिली, ताज्या डोक्याने. लिहिलं, की आधी पाठवलेल्या चित्रात मी सात सोडून सगळे तारे पुसले होते. कृपया ते चित्र परत करावं. माझ्या वडिलांनी डाग आणि तारा यांतला फरक कसा ओळखला तेही लिहिलं, फणीच्या दातासकट. पाठवताना वाटलं की हे वाचून ते हसतील. मग वाटलं, हसू देत.

त्यानंतर काहीच आलं नाही. परीक्षा झाली. मी दिवसातून वीस वेळा मोबाइलवर माझा मेल उघडायचो आणि तिथे जाहिरातींशिवाय काही नसायचं. निकाल लागल्याचं एका वर्गमित्राने सांगितलं, त्याला नकार आला होता, मला तर नकारसुद्धा नाही. मॅडम गावी गेल्या होत्या. मी समजून गेलो. इच्छापोरच्या कारखान्याने फोटो आणि आधारची प्रत मागितली, ती मी दिली. सोमवारपासून हजर व्हायचं होतं. माय माझ्यासाठी नवा डबा घेऊन आली, तीन कप्प्यांचा. नाना त्या आठवड्यात नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलत होते, आणि त्यामुळे घर फार विचित्र वाटत होतं.

शनिवारी दुपारी आम्ही खिचडी आणि कढी खात होतो तेव्हा योगेशदादा जिना चढून आला, पायातली चप्पल न काढता. त्याच्या हातात मोबाइल होता. घरातल्या कॉम्प्युटरवर तो कधीतरी आपल्या डिझाइनसाठी लॉगिन झाला होता आणि मी लक्ष न देता दोन्ही चित्रं त्याच्याच मेलवरून पाठवली होती, हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं आणि मलाही. मेल तो महिन्यातून एकदा उघडायचा, एखाद्या पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, डिझाइन आलं तर. "हे बघ रे, मला कुणीतरी दुर्बीण बघायला बोलावलंय," तो म्हणाला. "अकरा दिवस झालेत. हेमंत असं लिहिलंय, म्हणून म्हटलं तुझं असेल."

नाना म्हणाले, "वाच. मोठ्याने वाच."

योगेशदादाने दारातच उभं राहून, इंग्रजीचा एकेक शब्द तोडत, वाचलं. की दुसरं चित्र स्वीकारलं आहे, पहिलं विनंतीनुसार काढून टाकलं आहे. की वडिलांनी सुचवलेली पद्धत बरोबर आहे. की माझी निवड झाली आहे, दोन आठवड्यांत, म्हणजे येत्या मंगळवारपर्यंत, होकार कळवावा, राहण्याजेवण्याची सोय संस्थेची आहे. आणि सगळ्यात खाली एक ओळ होती, ती त्याने दोनदा वाचली: येताना स्वतःचा कॉम्प्युटर आणण्याची गरज नाही.